थेंबाचा कोन

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर काउन्सेलरच्या टेबलावर एक छापील कागद समोर येतो. कुटुंब ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मानपाड्यातलं असो की डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरचं, कागद साधारण सारखाच. डावीकडे लेन्सचे प्रकार, उजवीकडे किमती. भारतीय, इम्पोर्टेड, मोनोफोकल, मल्टिफोकल, आणि त्यांच्याच आसपास दोन शब्द, ज्यांच्यावर कुणाची नजर ठरत नाही: हायड्रोफिलिक आणि हायड्रोफोबिक. मुलगा विचारतो, "यात चांगली कुठली?" उत्तर बहुतेक वेळा किमतीच्या क्रमानं मिळतं, आणि आई सही करते.

हे प्रकरण त्या दोन शब्दांबद्दल आहे. भिंग नितळ हवं, त्याचा नंबर बरोबर हवा, हे उघडच आहे. पण एकदा डोळ्यात बसल्यावर ते पुढची वीस-तीस वर्षं तिथे कसं नांदणार, हे बरंचसं ठरतं त्याच्या पृष्ठभागावर. तिथे पाणी पसरतं की गोळा होऊन बसतं, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात पेशी चिकटणार की नाही, जाळी धरणार की नाही, पुढे कधी डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करावं लागलं तर अडचण येणार की नाही, अशी बरीच उत्तरं दडलेली आहेत.

पावसाळ्यात अळूच्या पानावर पडलेला थेंब पाहा. तो पानाला जेमतेम टेकलेला असतो, जवळजवळ पूर्ण गोल, आणि पान हललं की घरंगळून जातो. तोच थेंब स्वच्छ धुतलेल्या काचेवर टाकला तर पसरून चपटा होतो. आता डोळा थेंबाच्या पातळीवर आणून बाजूनं बघा. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते तिथे एक कोन झालेला दिसतो. त्याला स्पर्शकोन म्हणतात. काचेवर तो अगदी लहान, अळूवर दीडशे अंशांच्या पुढे. नव्वदच्या खाली तो जितका उतरेल तितका तो पृष्ठभाग पाण्याला आपलासा मानतो. नव्वदच्या वर गेला की पाण्याला दूर सारतो. अळूच्या बाबतीत पानावरचं मेण आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे अशी दुहेरी व्यवस्था असते, म्हणून तिथला कोन इतका टोकाचा.

हा कोन कसा ठरतो, हे पहिल्यांदा नीट सांगितलं इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी, १८०५ मध्ये. थेंबाच्या कडेवर तीन ओढी एकाच वेळी काम करतात: पाणी आणि हवा यांच्या सीमेवरची, हवा आणि घन पदार्थ यांच्या सीमेवरची, आणि घन पदार्थ व पाणी यांच्या सीमेवरची. या तिघींचा तोल जिथे साधतो तिथे कड थांबते आणि कोन पक्का होतो. या यंग यांची दुसरी ओळख नेत्रतज्ज्ञांना जास्त जवळची आहे. जवळचं आणि दूरचं पाहताना डोळ्यातलं नैसर्गिक भिंगच आपला आकार बदलतं, हे त्यांनीच १८०१ मध्ये दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी स्वतःचा डोळा पाण्यात बुडवला. पाण्यात पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरीही डोळ्याला जवळ-दूर जुळवून घेता येत होतं, म्हणजे ते काम आतल्या भिंगाचं. डोळ्यातलं भिंग आणि थेंबाचा कोन हे दोन विषय एकाच माणसाच्या अभ्यासात चार वर्षांच्या अंतरानं आले. पुढे दीडशे वर्षांनी ते एका वस्तूत एकत्र येणार होते, याची कल्पना त्यांना असणं शक्यच नव्हतं.

हे शास्त्र मानपाड्याला तसं परकं नाही. डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आसपास पसरलेल्या एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया करणारे आणि रसायनं बनवणारे कारखाने आहेत. कोऱ्या कापडावर मूळच्या कापसाचं मेण असतं; रंगाचं पाणी त्यावर टाकलं तर आत मुरत नाही, रंग डाग-डाग बसतो. म्हणून आधी वेटिंग एजंट घालतात. ते पाण्याची ओढ कमी करतं, स्पर्शकोन खाली येतो, आणि रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो. डोळ्यातल्या भिंगाच्या कारखान्यात हाच हिशेब मांडतात. फरक इतकाच की तिथे पृष्ठभाग सहा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि चूक झाली तर कापडाचा तागा बदलता येतो तसं ते सहज बदलता येत नाही.

मोजणी कशी होते तेही सांगायला हवं. भिंग एका छोट्या चौथऱ्यावर ठेवतात. वरून सुईच्या टोकातून एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब हलकेच सोडतात, बाजूनं कॅमेरा चित्र टिपतो आणि संगणक कडेला स्पर्शरेषा काढून कोन वाचतो. भिंग वक्र असल्यामुळे त्या वक्रतेचा हिशेब वजा करावा लागतो. दुसरी पद्धत उलटी आहे: भिंग पाण्यात बुडवून ठेवायचं आणि खालून हवेचा बुडबुडा त्याला टेकवायचा. डोळ्यात भिंग कायम पाण्यासारख्या द्रवात बुडालेलं असतं, म्हणून काहींना ही दुसरी पद्धत अधिक खरी वाटते, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पद्धत कुठलीही असो, ढोबळ चित्र असं दिसतं: सिलिकॉनच्या भिंगावर कोन शंभराच्या वर; हायड्रोफोबिक ॲक्रिलिक आणि जुन्या कडक भिंगांचं पीएमएमए हे दोन्ही सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास; हेपरिन या औषधाचा लेप दिलेलं पीएमएमए पंचावन्नच्या घरात; आणि हायड्रोफिलिक भिंगं बहुधा हायड्रोफोबिक ॲक्रिलिकपेक्षा खाली.

म्हणजे ज्याला हायड्रोफोबिक म्हणून विकतात त्या ॲक्रिलिकचा कोन नव्वदच्या खालीच आहे. अळूच्या पानासारखं ते पाणी झटकून टाकत नाही. बाजारातलं वर्गीकरण मुख्यतः भिंगाच्या अंगात किती पाणी मुरतं यावर केलेलं आहे: हायड्रोफोबिकमध्ये बहुधा एक टक्क्याच्या आत, हायड्रोफिलिकमध्ये साधारण अठरा ते अडतीस टक्के. अंगात मुरलेलं पाणी आणि पृष्ठभागावर पसरणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं.

कृत्रिम भिंगाचा जन्म झाला तेव्हा हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं झाकण फुटलं आणि पर्स्पेक्स या प्लास्टिकचे कण त्याच्या डोळ्यांत रुतले. नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे कण डोळ्यात मुकाट राहतात, काचेच्या तुकड्यांसारखी आग पेटवत नाहीत. त्याच पर्स्पेक्सपासून, म्हणजे पीएमएमएपासून, रेनर कंपनीनं भिंग बनवलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पदार्थ डोळ्याला सोसतो ना, मग झालं, अशी तेव्हाची समजूत होती. आणि ती अर्धीच खरी होती.

उरलेली अर्धी बाजू १९७७ मध्ये पुढे आली. हर्बर्ट कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की कोरडं पीएमएमए कॉर्नियाच्या आतल्या अंगाला नुसतं टेकलं तरी तिथल्या पेशी त्याला चिकटतात आणि भिंग मागे घेताना फाटून निघतात. हा पेशींचा थर म्हणजे एकच पदर, साधारण पाच मायक्रॉन जाडीचा, षटकोनी पेशींचा. तरुण माणसात चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार पेशी असतात आणि त्या सतत कॉर्नियातलं पाणी बाहेर उपसून तो पारदर्शक ठेवतात. माणसात या पेशी पुन्हा वाढत नाहीत. गेल्या त्या गेल्याच. त्यांची संख्या फार घटली, चौरस मिलिमीटरला पाचशेच्या आसपास किंवा त्याखाली आली, की कॉर्निया फुगू लागतो आणि दिसणं पांढुरकं होतं. ऑपरेशन निर्वेध पार पडलं, भिंगही जागच्या जागी बसलं, आणि तरीही काही वर्षांनी दृष्टी गेली, असे रुग्ण तेव्हा होते. त्यामागे बऱ्याचदा हा क्षणभराचा स्पर्श होता. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पृष्ठभागावर पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा थर असेल तर नुकसान बरंच टळतं.

हे नुकसान टाळण्याच्या कामी ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याला नुसतं 'व्हिस्को' म्हणतात तो घट्टसर, पारदर्शक द्रव आला. एन्द्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध केलेलं सोडियम हायलुरोनेट १९८० च्या सुमारास 'हिलॉन' या नावानं मिळू लागलं. ते महाग होतं. भारतात मोठ्या प्रमाणावर रुळला तो त्याच्याहून पुष्कळ स्वस्त मिथाइलसेल्युलोजच्या जातीचा व्हिस्को. आजही भिंग आत सोडण्याआधी डॉक्टर डोळ्याची पुढची खोली व्हिस्कोनं भरतात. भिंग आणि कॉर्निया यांच्यामध्ये त्याची गादी राहते. शेवटी तो धुऊन काढतात, कारण तसाच राहिला तर डोळ्यातला दाब वाढतो.

सत्तरच्या दशकातच मुंबईत काहीजण वेगळ्या दिशेनं विचार करत होते. लेप कशाला, भिंगच पाण्याशी मिळतंजुळतं बनवलं तर? त्यासाठी लागणारा पदार्थ हाताशी होता. प्रागमधल्या ओट्टो विश्टेर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये पाणी शोषून मऊ होणारं हेमा नावाचं प्लास्टिक डोळ्यासाठी वापरता येईल असं मांडलं होतं. १९६१ च्या नाताळात विश्टेर्ले यांनी घरातल्या मेर्कुर या खेळण्याच्या जोडणीच्या संचातून यंत्र बनवून त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या होत्या. बाहेर घालायची लेन्स जर इतकी सौम्य, तर आत बसवायची का नाही? दक्षिण आफ्रिकेत एडवर्ड एप्स्टीन यांनी तो प्रयत्न केला, आणि मुंबईत डॉ. केकी मेहता यांनी. मेहता आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा या नव्या मऊ भिंगावरचा लेख १९७८ मध्ये अमेरिकन इंट्रा-ऑक्युलर इम्प्लांट सोसायटीच्या नियतकालिकात आला. घडी घालता येणाऱ्या भिंगांचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक १९८४ च्या सिलिकॉन भिंगापासून सुरुवात करतात. मुंबईतलं काम त्याच्या सहा वर्षं आधीचं आहे, आणि ते नोंदवायलाच हवं.

हेमाची एक गंमत सत्तरच्या दशकातच लक्षात आली. या प्लास्टिकच्या अंगात अडतीस-चाळीस टक्के पाणी असतं; तेव्हा त्यावर थेंब टाकला तर तो सपाट पसरावा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हवेत ठेवलेल्या हेमावर थेंब बराच उंच राहतो. फ्रँक हॉली आणि मिगेल रेफोहो यांनी १९७५ मध्ये याचं कारण मांडलं: पृष्ठभागावरच्या रेणूंच्या शाखा वळू शकतात. हवेत असताना पाण्याला नको असलेलं टोक बाहेर येतं; पाण्यात बुडवलं की त्या शाखा फिरतात आणि पाण्याला धरणारी टोकं बाहेर करतात. भिंग तेच, पण हवेतलं त्याचं वागणं एक आणि डोळ्यातलं दुसरं. म्हणून कारखान्याच्या कागदावरचा एकच आकडा वाचून भिंग कसं वागेल हे सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे डोळ्यात भिंग उतरल्यावर काही सेकंदांत तिथली प्रथिनं त्यावर येऊन बसतात. पुढे ज्या पेशी येतात त्यांची गाठ मूळ प्लास्टिकशी पडतच नाही. ती पडते त्या प्रथिनांच्या थराशी. कुठली प्रथिनं आधी बसणार, किती घट्ट आणि कुठल्या अंगानं, हे मात्र प्लास्टिकच ठरवतं.

मऊ आणि पाण्याला जवळचं, एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर आज सगळी भिंगं हायड्रोफिलिक असती. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे नैसर्गिक भिंगाच्या पातळ पिशवीतला गढूळ गाभा काढून टाकायचा आणि त्या पिशवीतच नवं भिंग बसवायचं. पिशवीच्या आतल्या कडेला काही जुन्या पेशी राहतातच. त्या हळूहळू मागच्या भिंतीवरून सरकत भिंगाच्या पाठीमागे येतात आणि नजर पुन्हा धूसर होते. रुग्ण म्हणतात, "परत जाळी आली." मग यॅग लेसरनं पिशवीच्या मागच्या भिंतीला छोटं छिद्र पाडावं लागतं. हायड्रोफिलिक भिंग पिशवीला धरून राहत नाही, त्यामुळे मधल्या फटीतून पेशींना वाट मिळते. ऐंशीच्या दशकातल्या काही हेमा भिंगांच्या बाबतीत तर यॅगच्या छिद्रानंतर भिंगच मागे डोळ्याच्या पोकळीत घसरल्याच्या घटना घडल्या.

१९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अॅक्रिसॉफ या हायड्रोफोबिक ॲक्रिलिक भिंगात उलटं दिसलं. ते थोडं चिकट असतं. थिएटरमध्ये ही गोष्ट हाताला जाणवते: हायड्रोफिलिक भिंग छोट्या बाटलीत सलाइनमध्ये बुडून येतं, कार्ट्रिजमधून झरकन सरकतं आणि आत पटकन उलगडतं. हायड्रोफोबिक बहुधा कोरड्या डबीत येतं. आत हळूहळू उलगडतं, आणि कधी कधी त्याचे पाय भिंगाच्या पाठीलाच चिकटून बसतात, मग डॉक्टर बारीक हूकनं ते अलगद सोडवतात. तोच चिकटपणा पिशवीत मात्र कामाला येतो. फिनलंडच्या रेइयो लिन्नोला यांनी १९९७ मध्ये असं मांडलं की फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं या पृष्ठभागाला घट्ट धरतात, त्यामुळे पिशवी, मध्ये पेशींचा एकेरी थर आणि भिंग असं जुळून बसतं. आणखी पेशींना आत शिरायला जागाच उरत नाही.

सगळं श्रेय पृष्ठभागाला देणं मात्र न्यायाचं होणार नाही. जपानच्या ओकिहिरो निशी यांनी दाखवलं की भिंगाची मागची कड काटकोनी, धारदार असेल तर पिशवी तिथे मुडपते आणि पेशी त्या वळणावर अडतात. धारदार कड गोल केली तर तेच ॲक्रिलिक बरंचसं निष्प्रभ होतं. त्यामुळे "हायड्रोफोबिक घेतली म्हणजे जाळी येणारच नाही," असं कुणी सांगत असेल तर त्यातला निम्मा भाग कडेच्या खात्यावर टाकायला हवा. आज चांगल्या हायड्रोफिलिक भिंगांनाही धारदार कड असते, पण मऊ, पाणी धरणाऱ्या प्लास्टिकला तितकी तीक्ष्ण कड देणं अवघड जातं.

हायड्रोफिलिकची दुसरी दुखरी बाजू म्हणजे कॅल्शियम. १९९९ च्या सुमारास हायड्रोव्ह्यू नावाच्या भिंगांवर काही महिन्यांनी-वर्षांनी पांढरट थर चढू लागला. तपासात निघालं की तो कॅल्शियम फॉस्फेटचा होता आणि त्याचं मूळ पॅकिंगमधल्या सिलिकॉनच्या घटकापर्यंत जात होतं. तो भिंगावर जाऊन बसला आणि कॅल्शियमला धरायला जागा झाली. पुढे असंही दिसलं की कॉर्नियाच्या काही ऑपरेशनांत डोळ्यात हवा किंवा वायू सोडला तर काही हायड्रोफिलिक भिंगांच्या बरोबर मध्यावर असे थर जमतात. हा थर लेसरनं जात नाही, भिंगच बदलावं लागतं. म्हणून दिसणं धूसर झालं की ती जाळी आहे की भिंगावरचा थर, हे आधी नीट तपासलं पाहिजे. जाळी समजून पिशवीला छिद्र पाडलं आणि नंतर भिंग बदलायची वेळ आली, तर ते ऑपरेशन फार कठीण होऊन बसतं. हायड्रोफोबिकही निर्दोष नाही. त्याच्या आत पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे चमकताना दिसतात, पण त्यांनी दृष्टी फारशी बिघडत नाही.

आणि आता तो प्रसंग, ज्यात थेंबाचा कोन अगदी थेट हिशेबाला येतो. मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब झाला किंवा सुटला तर कधी कधी डोळ्यात सिलिकॉन तेल भरावं लागतं. तेल पाण्याशी फटकून राहतं. त्याला जवळचा वाटतो तो पाण्याशी फटकून राहणारा पृष्ठभाग. सिलिकॉनच्या भिंगावर ते जवळजवळ पूर्ण पसरतं आणि नंतर तेल काढलं तरी त्याचे थेंब भिंगाला चिकटूनच राहतात. पडद्याच्या डॉक्टरला आतलं दिसत नाही आणि रुग्णाला बाहेरचं. हायड्रोफिलिक आणि हेपरिनचा लेप असलेल्या भिंगांवर हे सगळ्यात कमी होतं. ठाणे-डोंबिवलीत घरोघरी मधुमेह आहे. तेव्हा भिंग निवडताना या रुग्णाला पुढे पडद्याचं ऑपरेशन लागण्याची शक्यता किती, हा प्रश्न किमतीच्या आधी यायला हवा.

डोळ्यात वारंवार आग होणाऱ्यांचं, म्हणजे युव्हिआयटिसच्या रुग्णांचं, गणित आणखी वेगळं. तिथे दाहाच्या पेशी भिंगाच्या पुढच्या अंगावर गोळा होतात. हेपरिनचा लेप मुळात अशाच डोळ्यांचा विचार करून पुढे आला. कुष्ठरोगातही आयरिसचा दाह दीर्घकाळ राहतो. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांनी ज्या कुष्ठरुग्णांची मोतीबिंदूची ऑपरेशनं केली, त्यांच्यासारख्या डोळ्यांत भिंग बसवणं हे शहरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या निरोगी डोळ्यात बसवण्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

महाराष्ट्रात ही निवड सामान्य माणसाच्या दारात आली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी सरकारी शिबिरांत गढूळ भिंग काढून टाकत आणि हाती +१० च्या जाड भिंगाचा चष्मा देत. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता, आणि चष्म्याच्या जागी डोळ्यातलं भिंग येऊ लागलं. १९९२ मध्ये मदुराईत सुरू झालेल्या ऑरोलॅबनं भिंगाची किंमत जगाच्या तुलनेत कितीतरी खाली आणली. तिथून देशी भिंगं घराघरात पोचली. २००५ मध्ये केंद्र सरकारनं डोळ्यातलं भिंग औषध कायद्याच्या कक्षेत आणलं. भारतीय भिंग म्हणजे दुय्यम आणि इम्पोर्टेड म्हणजे उत्तम, ही कागदावरची उतरंड भिंगाच्या पृष्ठभागाबद्दल काहीच सांगत नाही. देशात दोन्ही प्रकारची भिंगं बनतात आणि बाहेरूनही दोन्ही येतात.

ऑपरेशननंतर भिंगाच्या डबीतला एक छोटा चिकट कागद फाईलमध्ये लावतात. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि सीरियल क्रमांक असतो. मॉडेलवरून भिंगाचा पदार्थही कळतो. डिस्चार्जच्या वेळी त्याची प्रत मागून घ्या आणि जिथे आधार कार्ड ठेवता तिथेच ठेवा. दहा-पंधरा वर्षांनी पडद्याचं काही निघालं, किंवा भिंगावर थर दिसला, तर समोर बसलेल्या नव्या डॉक्टरला आधी हेच विचारायचं असतं की आत कुठलं भिंग आहे, आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर देणारं कुणी नसतं.